सनदेचा अर्ज आणि शिक्षेचा रकाना

वकिलीच्या सनदेचा अर्ज असो, परिचारिकेच्या नोंदणीचा असो, की नोकरीपूर्वीच्या चारित्र्य-पडताळणीचा नमुना असो, त्यात कोठे ना कोठे एक रकाना येतो. आपणांवर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय, आपणांस कोणत्या न्यायालयाने शिक्षा दिली आहे काय, अशा अर्थाचा. सुखवस्तू घरातला उमेदवार त्यात ‘नाही’ असे लिहितो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. तिथे क्षणभर थांबायचेही त्याला कारण नसते. आमची मुले मात्र तिथे थांबतात. काही आठवडे थांबतात, काही वर्षभर. काहींचा अर्ज त्या रकान्यावरच अडून राहतो आणि पदवीचा कागद पत्र्याच्या पेटीत पडून राहतो.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात वकिली करतो. कायद्याच्या परीक्षेचे निकाल लागले की पुढचे दोन-तीन महिने असे अर्ज घेऊन मुले-मुली माझ्याकडे येतात. विचारतात पुष्कळ, पण सगळ्याचे सार दोन प्रश्नांत येते. खरे लिहिले तर सनद मिळेल काय? आणि लिहिलेच नाही तर कोणाला कळणार आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे आणि बहुतेकांना वाटते त्यापेक्षा ते बरे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नुसत्या कायद्याने देऊन भागत नाही. त्यात आपल्या चळवळीच्या सवयीही येतात. त्यांबद्दल ह्या पानांवर स्पष्ट बोलायला हरकत नसावी.

आधी कायदा. वकिलांचा कायदा १९६१ चा. त्यात १९७३ च्या दुरुस्तीने ‘२४-अ’ हे कलम घातले गेले. ह्या कलमाप्रमाणे तीन प्रकारच्या माणसांची नावे वकिलांच्या पटावर घेता येत नाहीत. पहिला, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला. दुसरा, १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याखाली शिक्षा झालेला. तिसरा, नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून सरकारी नोकरीतून काढला गेलेला. आणि ह्या तिन्हींना जोडून एक परंतुक आहे: सुटकेपासून किंवा नोकरीतून काढल्यापासून दोन वर्षे लोटली की ही अपात्रता संपते. जन्मभराची बंदी ह्या कलमात कोठेही नाही. ही गोष्ट कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला बसलेल्या मुलांनाही ठाऊक नसते, कारण त्यांच्या मनात बंदीची कल्पना कायद्यातून आलेली नसते, गावातून आलेली असते. गावात एकदा ‘त्यातला’ ठरलेला माणूस दोन वर्षांनी ‘त्यातला’ राहत नाही असे कोणी पाहिले आहे? (ज्याला नुसता दंड झाला, तुरुंग पाहावाच लागला नाही, त्याची ‘सुटका’ कोणत्या दिवशी झाली म्हणायची, हे मात्र कलम सांगत नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असा माणूस नसावा.)

ह्या कलमातला दुसरा प्रकार आपण सर्वांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. नैतिक अधःपतन म्हणजे काय हे ठरवण्याचे काम संसदेने इतरांवर सोडले. पण अस्पृश्यता पाळणे हा असा गुन्हा आहे की तो करणाऱ्याने काळा डगला घालू नये, एवढे तिने स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवले. चोरीचे नाव कलमात नाही, फसवणुकीचे नाही, खुनाचेही नाही. अस्पृश्यतेचे आहे. त्या कायद्याचे नाव १९७६ मध्ये बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. मात्र १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे नाव ह्या कलमात घालण्याचे कोणाला सुचले नाही. म्हणजे पाणवठ्यावर अडवल्याबद्दल ज्याला नागरी हक्काच्या कायद्याखाली शिक्षा झाली तो थेट अपात्र. आणि वस्तीवर चालून गेल्याबद्दल ज्याला अत्याचाराच्या कायद्याखाली शिक्षा झाली त्याचे कृत्य ‘नैतिक अधःपतन’ आहे की नाही, ह्याची चर्चा करत बसायचे. माझ्या वकिलीच्या काळात ह्या दुसऱ्या प्रकाराखाली कोणाची सनद अडल्याचे मी ऐकलेले नाही. शिक्षाच होत नाहीत, तर अपात्रता कोठून येणार?

हे सांगण्याचे कारण असे की, हा रकानाच काढून टाका, अशी मागणी आपल्यातले काही तरुण कार्यकर्ते करतात. ती मला मान्य नाही. ज्याने अशिलाचे पैसे खाल्ले, ज्याने बायकोला जाळण्याचा प्रयत्न केला, ज्याने मातंगवाड्यातल्या माणसाला देवळाच्या पायरीवर मारले, त्याला वकील होण्यापूर्वी प्रश्न विचारला गेलाच पाहिजे, आणि तो विचारला जावा ही आपलीच गरज आहे. रकाना राहिला पाहिजे. तो काय विचारतो आणि उत्तरातून काय वाचले जाते, हा खरा वाद आहे.

आणि तो वाद ‘नैतिक अधःपतन’ ह्या दोन शब्दांत आहे. ह्यांची व्याख्या वकिलांच्या कायद्यात नाही, दंडसंहितेत नव्हती, आताच्या न्याय संहितेतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पवनकुमार विरुद्ध हरियाणा राज्य ह्या खटल्यात सांगितले ते असे की, कायद्याच्या आणि समाजाच्या बोलीत जे वर्तन मुळातच नीच, हीन, भ्रष्ट समजले जाते त्याला हे शब्द लागतात. आता ‘समाजाच्या बोलीत’ म्हणजे कोणत्या समाजाच्या? ह्या देशात एका समाजाच्या बोलीत दुसऱ्या समाजाचा जन्म हाच हीन समजला गेला आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९२४ मध्ये तो नव्याने एकत्र बांधला, आणि देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी ह्यांच्या पोराने चोरी केली की नाही हा प्रश्नच त्यात नव्हता. तो जन्माला आला एवढे पुरे होते. कायदा गेला, १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. ठाण्यातल्या वहीला नवे पुठ्ठे लागले. अलीकडे, २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेच दोन वेगवेगळ्या प्रकरणांत ही गोष्ट बोलून दाखवली. पोलिसांच्या नोंदवह्यांत विमुक्त जातींची आणि दुर्बल समाजांची नावे पूर्वग्रहाने घातली जातात, असे मे महिन्यात. आणि तुरुंगाच्या नियमांतले जातिभेद घटनाबाह्य आहेत, असे ऑक्टोबरात, सुकन्या शांता ह्यांच्या याचिकेवर.

आता आमच्या वस्तीला शिक्षा होते ती कशाबद्दल होते ते पाहा. हातभट्टीबद्दल, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. पत्ते खेळल्याबद्दल, १८८७ च्या जुगाराच्या कायद्याखाली. रस्त्यात शिवीगाळ केल्याबद्दल. जमावबंदी मोडल्याबद्दल, पोलीस कायद्याच्या कलम ३७ आणि १३५ खाली. आणि सूर्यास्तानंतर संशयास्पद रीतीने आढळल्याबद्दल, त्याच कायद्याच्या कलम १२२ खाली. हे शेवटचे कलम मला नेहमी विचार करायला लावते. रात्री अकरा वाजता बसस्थानकावर प्राध्यापकाचा मुलगा उभा असेल तर तो शेवटच्या गाडीची वाट पाहत असतो. पारध्याचा मुलगा उभा असेल तर तो संशयास्पद रीतीने आढळतो.

असा एक मुलगा माझ्याकडे आला होता. एकोणिसाव्या वर्षी त्याला असेच बसस्थानकावरून उचलले. दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे केले. बरोबर आलेल्या हवालदाराने सांगितले, “कबूल म्हण, दंड भर, दुपारच्या गाडीने घरी जा.” त्याने कबूल म्हटले. दंड त्याच्या मामाने भरला. पुढे तो बी.ए. झाला, एल्‌एल.बी. झाला, आणि अर्जाच्या रकान्यापाशी येईपर्यंत त्याची समजूत अशी होती की त्याच्यावर कधी शिक्षा झालीच नाही. ‘दंड भरला, केस मिटली’. ही समजूत त्याची एकट्याची नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची तीच असते.

केस मिटलेली नसते. आरोप कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषसिद्धी. दंड वीस रुपयांचा असला तरी ती दोषसिद्धीच. आणि तिच्यातून मागे फिरायची वाटही कायद्याने जवळजवळ बंद केली आहे, कारण कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील चालते ते शिक्षेचे प्रमाण किंवा तिचा कायदेशीरपणा एवढ्यापुरतेच. ‘मी तसे केलेच नव्हते’ हे अपिलात सांगता येत नाही. वर सांगितलेल्या १९९६ च्या खटल्यातला पवनकुमार हा असाच माणूस होता. चतुर्थ श्रेणीतला कामगार, कलम २९४ खाली वीस रुपये दंड झालेला, आणि तेवढ्यावरून नोकरी गेलेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला नोकरी परत दिली. हा गुन्हा नैतिक अधःपतनाचा नाही, असे सांगितले. शिवाय संसदेला सुचवले की, सुमारे दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची शिक्षा ही कोणत्याही कारणासाठी दोषसिद्धी धरू नये, असा कायदा करावा. देशभर माणसे किरकोळ खटल्यांत कटकट संपवण्यासाठी गुन्हा कबूल करतात, हे न्यायमूर्तींना दिसत होते. तो कायदा अजून झालेला नाही. इंग्लंडने १९७४ मध्येच ठरावीक मुदतीनंतर जुन्या शिक्षा पुसल्या गेल्या असे मानण्याचा कायदा केला. अर्थात तिथेही वकील, डॉक्टर अशा व्यवसायांना १९७५ च्या हुकुमाने त्यातून वगळले आहे.

इथे आपल्या चळवळीकडे वळणे भाग आहे. मोर्चा झाला, रास्ता रोको झाला, पंधरा-वीस मुलांवर गुन्हे दाखल झाले. दोन-तीन वर्षे तारखा पडतात. मग एखाद्या लोकअदालतीच्या दिवशी कोणी पुढारी म्हणतो, कबूल करून टाका, शंभर-दोनशे दंड भरू, मोकळे व्हा. पुढाऱ्याला सनद घ्यायची नसते. तारखेला गाडीभाडे लागते, मजुरी बुडते, हे खरे आहे आणि त्यामुळे हा सल्ला व्यवहाराचा वाटतो. पण त्या वीसांत जो बारावीत आहे, जी परिचारिकेचा अभ्यासक्रम करते आहे, तिला त्या दिवशी कोणी विचारत नाही. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. नामांतराच्या लढ्यात मराठवाड्यातली एक पिढी कोर्टाच्या पायऱ्या चढली. त्यांना आपण काय करतो आहोत हे माहीत होते. तुरुंग पत्करणे निराळे आणि नकळत दोषसिद्धी गळ्यात पडणे निराळे. बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला, तळ्याकडे निघायला तयार असलेल्या हजारोंना थांबवले, ते न्यायालयाचा मनाई हुकूम हातात असताना. आणि तो दावा पुढे दहा वर्षे लढवून १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. कोणता कागद कधी मोडायचा आणि कोणता लढवायचा ह्याचा हिशेब त्यांनी प्रत्येक वेळी केला.

लोकअदालतीबद्दल एक खुलासा करतो, कारण इथे फार गोंधळ आहे. त्याच इमारतीत, त्याच दिवशी दोन निरनिराळ्या गोष्टी चालतात. एका टेबलावर फिर्यादी आणि आरोपी ह्यांची तडजोड होते. तडजोडपात्र गुन्ह्यात तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. दुसऱ्या टेबलावर किरकोळ खटले कबुली घेऊन निकाली काढतात. तिचा परिणाम दोषसिद्धीचा. घरी येणारे दोघेही म्हणतात, “लोकअदालतीत मिटली.”

तेव्हा रकाना भरण्यापूर्वी आपल्या नावापुढे नेमके काय आहे हे कळले पाहिजे. नुसती अटक ही शिक्षा नव्हे. फिर्याद नोंदली जाणे, चार्जशीट दाखल होणे ही शिक्षा नव्हे. ज्याला आपण चॅप्टर केस म्हणतो, म्हणजे जुन्या संहितेतली कलमे १०७, १०९, ११०, १५१ आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतली १२६, १२८, १२९, १७०, त्यात माणसाकडून शांततेचा वा चांगल्या वर्तणुकीचा जातमुचलका घेतात. ती प्रतिबंधक कारवाई आहे, शिक्षा नव्हे. तडीपारीही दोषसिद्धी नव्हे. अठरा वर्षांच्या आतल्या कृत्याबद्दल बाल न्याय मंडळाने काही ठरवले असेल तर २०१५ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्याची अपात्रता चिकटत नाही (सोळा वर्षांवरील मुलाने केलेल्या अतिगंभीर गुन्ह्याचा अपवाद आहे). आणि बापावरच्या, भावावरच्या केसेस तुमच्या नाहीत. एक मुलगी वडिलांच्या हातभट्टीच्या खटल्यांची यादी घेऊन आली होती. तिला ती घडी करून परत पर्समध्ये ठेवायला सांगितली. अर्ज तिचा होता.

सरकारने खटले मागे घेतले असे वर्तमानपत्रात वाचून पुष्कळजण निश्चिंत होतात. २०१८ च्या जानेवारीतल्या बंदनंतर ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले त्यांतले विद्यार्थी आता नोंदणीच्या वयात आले आहेत. त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मंत्र्याच्या घोषणेने खटला संपत नाही. शासननिर्णयानेही संपत नाही. सरकारी वकिलाने त्या कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि न्यायाधीशाने संमती द्यावी लागते. तो हुकूम निघाला असेल तर आरोपनिश्चितीपूर्वी मुक्तता, नंतर असेल तर निर्दोष सुटका. हुकूम निघालाच नसेल तर घोषणा वर्तमानपत्रात राहते आणि खटला कोर्टात.

दोषसिद्धी झालीच असेल, तरी एक दार उघडे असते, आणि आमचे वकील ते ठोठावत नाहीत म्हणून मला राग येतो. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा, ज्याला कोर्टात सगळे ‘प्रोबेशन’ म्हणतात. न्यायाधीशाने ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, तर त्या कायद्याचे कलम १२ म्हणते की दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता त्या माणसाला लागू होणार नाही. वकिलांच्या कायद्यातले २४-अ देखील अशा माणसाला स्वतःहून वगळते. दोषसिद्धी पुसली जाते असे नव्हे. विचारले तर ती सांगावीच लागते. पण ती दार अडवत नाही. दोनशे रुपयांच्या दंडाऐवजी प्रोबेशन मागायला वकिलाला एक अर्ज आणि दहा मिनिटे लागतात. पोरगा शिकतो आहे हे त्या दहा मिनिटांत कोणी सांगायचे?

आता दुसरा प्रश्न: लिहिलेच नाही तर? ह्यावर एक युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही. ज्या व्यवस्थेने आम्हांला अन्यायाने गुन्हेगार ठरवले तिला सत्य सांगण्याचे बंधन आमच्यावर कसले? नीतीच्या पातळीवर ह्याला उत्तर देणे अवघड आहे आणि मी ते देत बसत नाही. पण सनदेच्या पातळीवर उत्तर सरळ आहे. वकिलांच्या कायद्याच्या कलम २६ चे परंतुक सांगते की, महत्त्वाच्या गोष्टीबद्दल खोटे निवेदन करून कोणी पटावर नाव घातले असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडिया त्याचे म्हणणे ऐकून ते नाव काढू शकते. किती वर्षांनी, ह्याला मर्यादा लिहिलेली नाही. म्हणजे जी शिक्षा खरी सांगितली असती तर दोन वर्षांत निष्प्रभ झाली असती, ती लपवल्यामुळे पंधराव्या वर्षीही जिवंत राहते. गावातला पाटील, समोरच्या बाजूचा वकील, अत्याचाराच्या खटल्यातला आरोपी, ज्याला ती गोष्ट कळेल त्याच्या हातात तुमच्या सनदेची दोरी. आमच्या वकिलाला गप्प बसवायला ह्याहून सोपे साधन कोणते?

सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतारसिंग खटल्यातला निकाल प्रत्येक वसतिगृहात टाचून ठेवावा असा आहे. तो नोकरीच्या पडताळणीबद्दल आहे, व्यवसायाच्या नोंदणीबद्दल नव्हे; पण त्यातला विचार इकडेही उपयोगी पडतो. माहिती खरी द्या, लपवू नका, हे त्याचे पहिले सांगणे. पण पुढे तो म्हणतो की कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब असेल तर ती लपवली गेली तरी मालकाने दुर्लक्ष करायला हरकत नाही. ‘घोषणा देणे’ हे उदाहरण न्यायालयानेच दिले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे: प्रश्न नेमका असला पाहिजे. जे स्पष्टपणे विचारलेले नाही ते सांगितले नाही म्हणून लपवल्याचा आरोप ठेवता येत नाही. आणि जी गोष्ट माणसाला माहीतच नव्हती ती त्याने लपवली असेही म्हणता येत नाही. म्हणून रकाना अक्षर न् अक्षर वाचा. ‘शिक्षा झाली आहे काय’ असे विचारले असेल तर शिक्षेचेच उत्तर द्या. ‘गुन्हा दाखल झाला होता काय’ असे विचारले असेल तर निर्दोष सुटलेला खटलाही लिहा. भीतीने जास्त लिहिणारेही मी पाहिले आहेत. एकाने चॅप्टर केस ‘शिक्षा’ म्हणून लिहिली होती.

इतर व्यवसायांचे थोडक्यात. डॉक्टरांच्या वर्तणुकीच्या २००२ च्या नियमांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली शिक्षा हे गैरवर्तन धरले आहे. सनदी लेखापालांच्या १९४९ च्या कायद्यात अशीच अपात्रता आहे, पण तिथे दोन वर्षांची मुदत नाही. केंद्र सरकारकडे अर्ज करून ती दूर करून घ्यावी लागते. औषधनिर्मात्यांच्या १९४८ च्या कायद्यात शिक्षेमुळे माणूस पटावर राहण्यास अयोग्य ठरतो काय, हे मत परिषदेच्या कार्यकारी समितीवर सोपवले आहे. प्रत्येक ठिकाणी शब्द वेगळे आहेत. एका धंद्यातला अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा सांगू नये.

त्या बसस्थानकावरच्या मुलाने शेवटी रकान्यात ‘होय’ लिहिले आणि ‘सोबतची पुरवणी पाहावी’ असे नमूद केले. पुरवणीत न्यायालयाचे नाव, खटल्याचा क्रमांक, कलम, निकालाची तारीख, दंडाची रक्कम, तो भरल्याची पावती, आणि काय घडले ते चार ओळींत. त्याच्या पहिल्या मसुद्यात पोलिसांच्या जातीय वृत्तीवर दीड पान होते. ते सगळे खरे होते. ते मी काढायला लावले, आणि एखाद्या अंकासाठी लेख म्हणून लिही असे सांगितले. अर्ज ही ती जागा नव्हे. त्याला समितीपुढे बोलावले, प्रश्न विचारले. सनद मिळाली, चार महिने उशिरा.

नाकारली असती तरी तो शेवट नव्हता. राज्याच्या बार कौन्सिलला अर्ज परस्पर फेटाळता येत नाही. नकाराची कारणे लिहून तो बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे मतासाठी पाठवावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे कारकुनाने खिडकीतून “होणार नाही” म्हटले की मुले परत फिरतात. खिडकीतला नकार हा नकार नव्हे. तो कागदावर मागावा. तसेच शुल्काचे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणीसाठी कायद्यात लिहिले आहे त्याहून जास्त घेता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ते सव्वाशे रुपये आहे, इतरांना साडेसातशे.

राहता राहिली कागदांची गोष्ट. किरकोळ खटल्यांचे कागद न्यायालय ठरावीक मुदतीनंतर नष्ट करते, आणि मग निर्दोष सुटलेल्या माणसालाही आपण सुटलो हे दाखवता येत नाही. ठाण्याच्या वहीतली नोंद मात्र राहते. म्हणून खटला संपला त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज द्यावा आणि सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवावी. खर्च होतो तो थोड्या रुपयांचा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते, कबुली देण्याच्या आदल्या दिवशी तिथे जावे. आणि आंदोलने करणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपल्या कपाटात एक वही ठेवावी: कोणत्या मोर्चात कोणावर, कोणत्या ठाण्यात, कोणत्या कलमाखाली गुन्हा झाला, खटल्याचा क्रमांक काय, पुढची तारीख कोणती, निकाल काय, नक्कल आणली की नाही. पोलिसांकडे आपली वही आहेच.